लक्ष्मीपुरीतली लाल वही आणि माझ्या चटणीच्या धंद्याचं वर्ष

दोन क्वायरची (क्वायर हे वहीच्या पानांचं माप), उभी, लाल कापडी पुठ्ठ्याची, दोऱ्याने शिवलेली रोजमेळाची, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही. किंमत 240 रुपये. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत वह्या-चोपड्यांचं एक जुनं दुकान आहे, तिथून 2024 च्या दिवाळीच्या तोंडावर घेतली आणि 2025 चं अख्खं वर्ष वापरली. गेल्या दिवाळीला तशीच दुसरी आणली. नव्या वर्षाचं काय ठरवायचं आणि ते कुठे लिहायचं, असा प्रश्न पडलेल्या माझ्यासारख्या छोट्या धंदेवाल्यांसाठी हे लिहिते आहे. हिशेबाला ही वही चांगली, हे कुणालाही सांगायला नको. मला सांगायचंय ते वर्ष आखायला तिचा काय उपयोग होतो ते.

माझा धंदा कांदा-लसूण चटणीचा. जोडीला गोडा मसाला, मेतकूट आणि दिवाळीत चकलीची भाजणी. घराच्या मागे पत्र्याची शेड, त्यात एक डंक (मिरची-मसाला कुटायचं यंत्र), एक मोठी कढई, मदतीला दोन मावशी आणि सुट्टीत पुतणी. गिऱ्हाईक निम्मं गावातलं, निम्मं पुण्या-मुंबईला गेलेलं. डिसेंबर संपत आला की फोनवर सल्ल्यांचा पाऊस पडतो. उलाढाल दुप्पट करा, नवीन शहर गाठा, रोज एक व्हिडिओ टाका. सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. पण माझ्याकडे डंक एकच आहे, आणि दिवसभर कढईत उलथनं फिरवून मोठ्या मावशींचा खांदा भरून येतो. उलाढाल दुप्पट म्हणजे त्या खांद्यावर दुप्पट काम. मला असं वर्ष आखायचं होतं की माणसं दमून जाणार नाहीत, मालाची चव हलणार नाही आणि घर चालून चार पैसे मागे पडतील. एवढंच ठरवायचं, पण ते मनापासून पाळायचं.

त्यासाठी भाच्याने बंगळूरहून एक छापील प्लॅनर पाठवला होता. जाड कागद, देखणी बांधणी, किंमत दीड हजाराच्या घरात. त्याने आठवणीने पाठवला याचं मला फार कौतुक आहे, आणि ज्यांचं काम बारा महिने एका चालीने चालतं त्यांना तो उपयोगी पडेल. माझ्या धंद्याला मात्र तो बसेना. त्यात वर्षाचे चार सारखे तुकडे केलेले आणि प्रत्येक तिमाहीला 'मागच्यापेक्षा किती वाढ' असा एक चौकोन. जुलै ते सप्टेंबरच्या चौकोनात मी काय लिहिणार? त्या दिवसांत कोल्हापूरकर सकाळी उठून आधी राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतो. पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 ला धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि पुणे-बंगळूर वाहतूक कित्येक दिवस ठप्प होती. कुरिअर नाही, भाजी नाही, कांदा नाही. ज्या महिन्यांत गावाने जीव मुठीत धरलेला असतो, त्या महिन्यांवर वाढीचं ओझं टाकायचं आणि सप्टेंबरअखेर आपणच आपल्याला नापास करायचं, हे मला पटत नाही.

लाल वहीत छापलेलं असं काहीच नसतं. पानावर फिकट आडव्या रेघा आणि रकान्यांच्या उभ्या रेघा, बाकी जागा कोरी. तारखासुद्धा आपणच घालायच्या. मला हेच हवं होतं, कारण महिना कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे ठरवायची मुभा त्यात मिळते.

वस्तू म्हणून आधी सांगते. दुकानातल्या काकांनी पहिला प्रश्न विचारला, "वहिनी, किर्दीला पाहिजे का खतावणीला?" किर्द म्हणजे हीच रोजच्या जमाखर्चाची वही, खतावणी म्हणजे ज्याच्या त्याच्या नावाच्या खात्यांची. किर्दीला म्हटल्यावर त्यांनी तीन वह्या काढल्या आणि प्रत्येक मधोमध उघडून गादीवर उताणी ठेवली. दाबून धरावी लागली नाही, पान उलटलं नाही, कणा कडकडला नाही. दोऱ्याच्या शिवणीची वही अशी सपाट पडते. डिंकाने चिकटवलेली असली की मधल्या पानांवर लिहिताना एक हात वही धरण्यातच जातो, आणि आमच्या कामात एक हात कायम मिठाचा नाहीतर तेलाचा असतो. पुठ्ठा जाड, कोपरे कापडात घट्ट दुमडलेले. वर्षभर शेडमधल्या फळीवर, डंकाच्या हादऱ्यात राहूनही एक पान सुटलेलं नाही. कागद किंचित पिवळसर, त्यामुळे संध्याकाळी बल्बच्या उजेडात डोळ्यांवर येत नाही. काकांनी पहिल्या पानावर कुंकवाचं बोट लावून दिलं आणि म्हणाले, "श्री तेवढं घरी काढा, घरच्या माणसाच्या हाताने."

रोजमेळाची रीत जुनीच. डावीकडे जमा, उजवीकडे नावे म्हणजे खर्च, संध्याकाळी शिल्लक जुळवायची. मी तिच्यात एकच भर घातली आहे. मराठी महिना जिथे सुरू होतो त्या पानाच्या डोक्यावर तीन ओळी लिहायच्या. एक, या महिन्यात किती करायचं. दुसरी, काय घ्यायचं नाही. तिसरी माणसांसाठी. वेगळी स्वप्नांची वही नाही, भिंतीवर चिकटवलेले कागद नाहीत. ज्या पानावर पैसे येतात-जातात त्याच पानावर आपण काय ठरवलं होतं ते रोज डोळ्यांपुढे राहतं. 'अमुक ऑर्डर नाही' असं वर लिहिलेलं असलं की खाली त्या ऑर्डरची उचल जमेला मांडताना हात आपोआप थांबतो.

2025 च्या फाल्गुनाचं पान समोर आहे. त्यावर लिहिलंय: 'दिवसाला दोनच घाणे. हॉटेलची मोठी ऑर्डर या महिन्यात नाही. मोठ्या मावशी कढईवर एक दिवसाआड.' घाणा म्हणजे एका वेळी भाजून-कुटून काढलेला माल. वाचायला फार थोडं वाटतं. पण दोन घाणे म्हणजे काय, ते ज्याने चटणी केली आहे त्याला कळेल.

फाल्गुन ते वैशाख हा आमचा भराचा हंगाम. घराघरात वर्षाची चटणी याच दिवसांत होते. रंगाला ब्याडगी मिरची, ती कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली, तिला 2011 साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. ती लाल देते, पण झोंबत नाही. तिखटपणाला संकेश्वरी, ती गडहिंग्लजच्या बाजारातून. मिरचीची देठं खुडायची, मग ती कडक ऊन खाऊन हातात कुरकुरली पाहिजे. कांदा उभा चिरून वाळवायचा आणि मग तेलात लालसर तळायचा. खोबरं, तीळ, खसखस, धणे, जिरं, खडा मसाला, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण खसखस डोळ्यांदेखत करपते आणि धण्यांना सावकाश आच लागते. डंकात आधी मिरची, मागून मसाला, शेवटी लसूण आणि मीठ. लसूण पडला की वास बदलतो, शेडबाहेर रस्त्यापर्यंत जातो, आणि मग धाकट्या मावशी पदर तोंडाला लावून चाळण घेऊन बसतात. चाळणीवर राहिलेला चोथा पुन्हा डंकात.

आता तिसऱ्या घाण्याचं सांगते. दोन घाण्यांनंतर भाजणाऱ्या बाईचं नाक मसाल्याच्या वासाने भरून गेलेलं असतं. खोबरं कुठल्या क्षणी उतरवायचं हे डोळ्यांपेक्षा नाकाला आधी कळतं, आणि तेच नाक दमलेलं असतं. खोबरं एक मिनिट जास्त राहिलं तरी चटणीला मागून कडवट चव येते. गिऱ्हाईक बोलून दाखवत नाही, पुढच्या वर्षी येत नाही. तेव्हा दिवसाला दोन घाणे ही आमची कमाल मर्यादा आहे, आणि ती मर्यादा हेच माझं ध्येय. फाल्गुनाची जमा वैशाखात बघितली तेव्हा आदल्या वर्षीपेक्षा थोडी वरच होती. गिऱ्हाईकांना तारखा लांबच्या दिल्या, बहुतेकांनी ऐकून घेतलं. ज्यांना घाई होती त्यांना शेजारच्या गल्लीतल्या बाईंचं नाव सांगितलं. त्यांचीही चटणी चांगली असते आणि त्यांनाही काम पाहिजे.

वैशाखाच्या पानावर दुसरी ओळ होती, '15 मे नंतर वाळवण लागेल अशी ऑर्डर नाही.' वळवाचा भरवसा नसतो म्हणून हे चार दिवस हातचे राखून ठेवलेले असतात. गेल्या वर्षी पाऊस आला तो सगळ्यांच्या आधी. मे महिन्यातच वळवाने झोडपून काढलं, 24 मे रोजी मान्सून केरळात आणि दुसऱ्याच दिवशी तळकोकणात. आमच्या भागातल्या कितीतरी गच्च्यांवर मिरच्या, सांडगे, कुरडया भिजल्या. बायकांनी महिनाभर खपून केलेलं वाळवण बुरशीने गेलेलं बघून जीव तुटत होता. आमची शेवटची मिरची तोपर्यंत डब्यात बंद झाली होती. हंगामाच्या टोकाला थोडी जागा मोकळी ठेवायची, हे ध्येय म्हणून लिहायला कुणी सुचवत नाही. मी यंदाही ते पहिल्याच ओळीत लिहिलं आहे.

यापुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

इंग्रजी महिना सोडून मराठी महिन्याने हिशेब मांडते, त्याचं पहिलं कारण आषाढ आणि श्रावण. कोल्हापुरात आषाढ म्हणजे त्र्यंबोलीची यात्रा, मटणाच्या पंगती, तांबडा-पांढरा रस्सा. श्रावण लागायच्या आत सगळी घरं एकदा तरी जेवण घालतात, आणि चटणी दणकून जाते. श्रावण लागला की निम्म्याहून जास्त घरांत कांदा-लसूण बंद. चटणीची विक्री एका रात्रीत खाली येते आणि मेतकूट वर जातं. गेल्या वर्षी श्रावण 25 जुलैला लागला, यंदा, 2026 मध्ये, 13 ऑगस्टला लागतोय. आता इंग्रजी महिन्याने हिशेब मांडला तर यंदाचा ऑगस्टचा पहिला पंधरवडा गेल्या वर्षीपेक्षा भरभराटीचा दिसेल आणि मी हुरळून जाईन. सप्टेंबरच्या सुरुवातीला उलटं दिसेल, कारण गेल्या वर्षी तेव्हा गणपती बसलेले होते आणि यंदा 11 सप्टेंबरपर्यंत श्रावणच आहे. दोन्ही वेळा धंदा आहे तसाच असेल. सरकलेला असेल तो फक्त महिना.

हे सरकतं कशाने, ते आपल्या आज्यांना तोंडपाठ होतं. चांद्र वर्ष साधारण 354 दिवसांचं, सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा दिवसांनी लहान. ती तूट साठत जाते आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक अधिक महिना घालून भरून काढतात. मागचा अधिक महिना 2023 चा श्रावण. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, 17 मे ते 15 जून. त्यानंतरचे सगळे सण गेल्या वर्षीपेक्षा 18-19 दिवसांनी पुढे जातात. गणपती 27 ऑगस्टवरून 14 सप्टेंबरला, लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरवरून 8 नोव्हेंबरला. गेल्या वर्षी चकलीच्या भाजणीचे सगळे पैसे ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हातात आले होते. यंदा ते नोव्हेंबर उजाडल्यावर येतील. 'ऑक्टोबरमध्ये गेल्या ऑक्टोबरपेक्षा जास्त' असं ध्येय ज्याने जानेवारीत लिहून ठेवलंय त्याला यंदा दसऱ्याला झोप लागणार नाही, तेही काहीच बिघडलेलं नसताना. पगार, डाळींची खरेदी, तेलाचे डबे, सगळं दोन-तीन आठवडे आधी स्वतःच्या शिल्लकीतून करावं लागेल. तेव्हा भाद्रपदाच्या पानावर मी आत्ताच लिहून ठेवलंय, 'भाजणीच्या डाळींसाठीची रक्कम वेगळी ठेवणे, हात लावायचा नाही.'

ही आखणी करताना वहीशेजारी कालनिर्णय उघडं होतं. जयंत साळगावकरांनी 1973 साली सुरू केलेलं हे कॅलेंडर आमच्या शेडमध्ये दाराच्या मागे असतं, आणि छोट्या खाद्य-धंद्याला त्याच्याइतकी उपयोगी दुसरी वस्तू मला माहीत नाही. एकादश्या, संकष्ट्या, मार्गशीर्षातले गुरुवार, श्रावणी सोमवार, हे आमच्यासाठी विक्रीचे दिवस आहेत किंवा विश्रांतीचे. वहीत कोरी जागा आणि कॅलेंडरात तिथी, दोन्ही मिळून माझा प्लॅनर पुरा होतो.

अधिक महिन्याचं आणखी एक. त्या महिन्यात लग्नं नसतात, त्यामुळे रुखवताचं आणि लग्नघरच्या मसाल्यांचं काम थांबतं. पण धोंड्याच्या महिन्यात जावयाला 33 अनारसे द्यायची रीत घरोघर आहे, आणि अनारशाचं पीठ करायला आता कुणाला सवड नाही. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, मग सुती कापडावर सावलीत पसरायचे. पूर्ण वाळू द्यायचे नाहीत, मुठीत धरले तर ओलसर लागले पाहिजेत, तेव्हाच कुटून बारीक चाळायचे आणि गूळ मिसळून गोळा मुरत ठेवायचा. पीठ जमलं तर अनारसा तुपात जाळीदार फुलतो, नाही जमलं तर कढईत विरघळतो. हे काम यंदा पहिल्यांदा विक्रीसाठी करणार आहे. पुतणी म्हणाली, काकू, तयार अनारसेच विकूया, पैसे जास्त सुटतील. तिचं म्हणणं खरं आहे. पण ऐन उकाड्यात, चटणीचा हंगाम आटपून दमलेल्या बायकांना तुपाच्या कढईपुढे उभं करायचं नाही. फक्त पीठ, तेही 60 किलोच. वहीत तसं लिहून खाली आम्ही चौघींनी सही केली आहे. सही करायची कल्पना धाकट्या मावशींची. त्यांनी ती इतकी सावकाश, इतकी मन लावून केली की मला फार बरं वाटलं.

श्रावणाच्या पानावर पहिली ओळ 'निम्मं काम', तिसरी ओळ 'मावशी गावी'. गेल्या वर्षीही असंच होतं. मोठ्या मावशी लेकीकडे राहून आल्या, मी डंकाची दुरुस्ती करून घेतली, लेबलं छापली, एफएसएसएआयच्या नोंदणीची मुदत बघून कागद आधीच भरले. श्रावणात पैसे कमी येतात हे पानावर आधीच मांडलेलं असल्यामुळे घरात त्यावर बोलणं झालं नाही. नवरा वही चाळून म्हणाला, "हे तर तू पौषातच लिहिलंयस." तो शाळेत शिक्षक आहे, धंद्याच्या चढउताराने तो माझ्यापेक्षा जास्त घाबरतो. त्याला हे आगाऊ लिहिलेलं पान फार आवडतं.

वहीची शेवटची पानं मी उधारीला ठेवली आहेत. दुकानाला एक पान, माल गेल्याची तारीख, पैसे आल्याची तारीख. गेल्या वर्षी बाहेरगावच्या एका दुकानाने 2024 च्या दिवाळीचे पैसे होळीपर्यंत अडकवले होते. त्यावरून यंदाचं एक ध्येय ठरलं: उद्यम नोंदणीचा, म्हणजे छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा कागद प्रत्येक बिलासोबत जोडायचा. छोट्या उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्याप्रमाणे, आपल्यासारख्या नोंदणी केलेल्या छोट्या उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर फार तर 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. आता आयकराच्या नियमामुळे, उशीर केला तर घेणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा करून मिळत नाही. हे एवढं शांतपणे सांगितलं की पुष्कळ दुकानदार लक्ष घालतात. मुदत उलटली की एकदा प्रेमाने फोन, त्यानंतर नवा माल नाही. भांडायचं नाही आणि मागे लागून रात्रीची झोपही घालवायची नाही. संध्याकाळी सातनंतर फोन उचलायचा नाही, हेही त्याच पानावर आहे. ऑर्डरी सकाळी दहालाही लिहून घेता येतात.

आता वहीच्या उण्या बाजू, कारण त्या आहेत. लाल कापडाचा रंग सुटतो. ओल्या हाताने धरली की बोटं गुलाबी होतात, आणि पांढऱ्या तांदळाच्या पिठाच्या दिवशी हे चालत नाही. मी खाकी कागदाचं कव्हर घातलं, वर प्लॅस्टिक. शाईचं पेन वापरलं तर मागच्या पानावर उमटतं, बॉलपेनच बरं. पानांना आकडे नसतात, ते आल्या आल्या स्वतः घालावेत, नाहीतर उधारीचं पान शोधण्यात वेळ जातो. खुणेची रिबन नसते. वजनाला जड आहे, पर्समध्ये मावत नाही. वही भिजली तर सगळंच गेलं. पुराच्या गावात राहून ही भीती सोडता येत नाही, म्हणून प्रत्येक अमावास्येला पानांचे फोटो काढून पुतणीच्या फोनवरही ठेवते. जीएसटीचं काम हिच्यावर भागत नाही, बिलं संगणकावरच निघतात आणि ती सीएंकडे जातात. तिमाही विवरणाची महाराष्ट्राची 22 तारीख मात्र वहीतच लाल पेनाने लिहिलेली असते, कारण रोज उघडली जाते ती हीच.

कुणी घ्यावी? ज्यांचा धंदा सणावारावर, उन्हापावसावर चालतो त्यांनी जरूर. पापड-लोणचीवाल्या बायका, फुलवाले, गणपतीच्या मूर्ती करणारे, मंडपवाले, केटरिंगवाले. ज्यांचं काम महिन्याच्या पगारासारखं एकसारखं येतं, शिकवण्या किंवा झेरॉक्सचं दुकान असेल, त्यांना साधी छापील डायरीही पुरेल, तिच्यात तारखा तरी तयार मिळतात. ज्यांच्याकडे दहा-बारा माणसं आहेत त्यांना ही वही अपुरी पडेल, कारण ती एका वेळी एकाच्याच हातात असू शकते.

जानेवारी निघून चालला म्हणून हळहळायचं कारण नाही. यंदा गुढीपाडवा 19 मार्चला आहे, तेव्हाही वह्या येतात आणि गर्दी दिवाळीएवढी नसते. मी स्वतः तीन ओळी लिहायला पौषातच बसते, कारण दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजन होतं तेव्हा आम्ही बायका इतक्या थकलेल्या असतो की त्या दिवशी ठरवलेलं काहीच खरं नसतं. घेताना दोन क्वायरचीच मागा. एक क्वायरची दसऱ्याआधी संपते, चारची उचलवत नाही. मधोमध उघडून शिवण बघा, आतल्या बाजूला दोरा दिसला पाहिजे. आणि काका विचारतील, किर्दीला का खतावणीला, तेव्हा किर्दीला सांगून उधारीसाठी शेवटची वीस पानं खतावणीच्या रेघांची घालून द्या म्हणा. दोन दिवस आधी सांगितलं तर ते तशी बांधून देतात, त्याचे 30 रुपये वेगळे.